कारवानी कुत्रीला हाकेला परत यायला कसे शिकवावे? (प्रशिक्षण आणि व्यायाम)

पाऊलखूण

नमस्कार. आमच्या घरी १४ महिन्यांची कारवानी कुत्री आहे, तिचे नाव चांदणी. ती तीन महिन्यांची असताना औसा तालुक्यातल्या माझ्या मावसभावाच्या शेतावरून आम्ही तिला पुण्याला आणले. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. सकाळी २० मिनिटे आणि संध्याकाळी २० मिनिटे मी तिला साखळी लावून सोसायटीभोवती फिरवते. ती घरात ‘बस’ आणि ‘थांब’ हे शब्द नीट पाळते, पण संध्याकाळी सातच्या सुमारास या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वेड्यासारखी धावू लागते, आणि दिवाणाची गादी तिने दोनदा फाडली आहे.

मागच्या महिन्यात जे घडले त्यामुळे हा धागा काढत आहे. फाटकाजवळून मांजर पळाले, चांदणीने मागे हिसका दिला आणि तिचे डोके पट्ट्यातून अलगद निसटले. तिने भरधाव वाहनांचा रस्ता ओलांडला. मी हाका मारत मागे धावले, पण तिने एकदाही वळून पाहिले नाही. दोन तासांनी ती पलीकडच्या गल्लीत सापडली, तेव्हा तिच्या पुढच्या पायाचे नख तुटलेले होते आणि तळवा चिरलेला होता. ते दोन तास मला अजून झोपू देत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती आठ महिन्यांची असताना एका प्रशिक्षकाकडे आम्ही तिला महिनाभर राहायला ठेवले होते. परत आली तेव्हा ती हुकमासरशी बसत होती, पण कोणी हात वर केला की तिची लघवी होत असे. तिथे गळफासाची साखळी वापरत असत, हे आम्हाला नंतर कळले. ती भीती आता बरीच कमी झाली आहे.

सासरे म्हणतात की या जातीला फ्लॅटमध्ये ठेवणे हाच अन्याय आहे. त्यांचे म्हणणे खरे असेल, तर ते ऐकायचीही माझी तयारी आहे. तिला किती आणि कसा व्यायाम द्यावा आणि बाहेर असताना हाकेला परत यायला कसे शिकवावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे.

माळरान

पाऊलखूण ताई, मी मूळचा लातूर भागातला आहे आणि आमच्या वाड्यात तीन पिढ्यांपासून कारवानी कुत्री आहेत, म्हणून आधी या जातीविषयी थोडे लिहितो. आमच्याकडे आखूड केसांच्या कुत्र्याला कारवानी म्हणतात आणि कानांवर व शेपटीवर लांब रेशमी केस असलेल्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकात याच घराण्यातला कुत्रा मुधोळ या नावाने ओळखला जातो. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली आणि २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळलाही स्थान मिळाले.

ही सगळी नजरेवर शिकार करणारी कुत्री आहेत. लॅब्राडोर नाक जमिनीला लावून जग वाचतो, तर कारवानी मान उंच करून दूरवर पाहतो. लांब मुस्कटाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांत दृष्टिपेशी एका आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, त्यामुळे क्षितिजावर काही हलले की ते त्यांना लगेच टिपता येते. एकदा पाठलाग सुरू झाला की कुत्र्याचे सगळे भान त्या पळणाऱ्या ठिपक्यात गोळा होते. चांदणीने तुमच्या हाकेकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केले, असे मनात आणू नका. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी नेमका हाच गुण निवडून जोपासलेला आहे. गावाकडेसुद्धा कारवान्याने अर्ध्या धावेतून परत यावे अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. ससा निसटला की तो आपणहून परत येतो, आणि तिथे मध्ये डांबरी रस्ता नसतो, एवढाच काय तो फरक.

व्यायामाबद्दल सांगायचे तर हा कुत्रा दिवसभर दुडक्या चालीने पळणारा नाही. तो मिनिटभर सर्वस्व पणाला लावून धावतो आणि मग तासन्‌तास पडून राहतो. पूर्ण वेगात असताना एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, एकदा शरीर आखडल्यावर आणि एकदा ताणल्यावर. अशी धाव साखळीला बांधून कितीही वेळ फिरवले तरी मिळत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत पाच-सात मिनिटे मनसोक्त धावता आले, तर ती घरात शांत राहील. त्यामुळे सासऱ्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. घर लहान असले तरी चालते, पण धाव मिळालीच पाहिजे.

आणि कृपा करून तो पट्टा आजच बदला. या जातीची मान डोक्यापेक्षा जाड असते, म्हणून साधा पट्टा मागे ओढला की निसटतोच. ताण आल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा रुंद कापडी पट्टा मिळतो, त्याला मार्टिंगेल म्हणतात. तो या कुत्र्यांसाठीच योग्य आहे.

वाकडीवाट

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाचे मन न दुखवता मांडतो. आमच्या वडिलांकडे अल्सेशियन कुत्रे होते. कुत्र्याला घरातला मुख्य कोण हे कळलेच पाहिजे, आधी आपण जेवायचे आणि मग त्याला द्यायचे, दारातून आधी आपण बाहेर पडायचे आणि चुकला तर एक फटका द्यायचा, ही त्यांची पद्धत होती. ते कुत्रे अतिशय आज्ञाधारक होते. आजकाल खाऊ दाखवून शिकवतात, पण खाऊ संपला की आज्ञापालनही संपत नाही का?

शिट्टी

वाकडीवाट यांचा प्रश्न रास्त आहे आणि तो अनेकांच्या मनात असतो. मी गेली १२ वर्षे कुत्र्यांसोबत काम करते, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देते.

‘मुख्य कोण’ ही कल्पना लांडग्यांच्या अभ्यासातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली कोंडलेल्या लांडग्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. एकमेकांना अनोळखी असलेले प्राणी एका आवारात ठेवल्यावर त्यांच्यात हाणामारी होणारच, आणि तिलाच कळपाचा नियम समजले गेले. डेव्हिड मीच यांनी १९७० साली हीच कल्पना लोकांपर्यंत पोहोचवली, परंतु पुढे मोकळ्या लांडग्यांजवळ अनेक उन्हाळे काढल्यावर त्यांनीच १९९९ साली लिहिले की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई, वडील आणि त्यांची पिल्ले असे साधे कुटुंब असते. जिथे मूळ पायाच बदलला, तिथे त्यावर उभारलेले फटक्याचे शास्त्र टिकत नाही. फटक्याने कुत्रा थांबतो हे खरे आहे. मात्र हाकेच्या बाबतीत मार हा सर्वांत घातक असतो, कारण ज्या माणसाची भीती वाटते त्याच्याकडे धावत येण्याचे कुत्र्याला काहीच कारण उरत नाही. हात वर होताच चांदणीची लघवी होत होती, यातच सर्व आले.

खाऊच्या शंकेबद्दल लिहिते. खाऊ आधी दाखवून बोलावणे म्हणजे लालूच. कुत्री आल्यावर मागून खाऊ काढून देणे म्हणजे मोबदला. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी दाखवण्याची सवय लावली तर खिसा रिकामा असताना कुत्री येणार नाही, हे अगदी खरे आहे.

आता मुख्य विषयाकडे येते. पाऊलखूण, तुम्ही चांदणीला कोणत्या शब्दाने बोलावता, आणि ती आल्यावर पुढे काय होते, ते आठवून पाहा. बहुतेक घरांत ‘ये’ म्हणतात. हा शब्द दिवसभर मुलांना, शेजाऱ्यांना आणि फोनवरही उच्चारला जातो, म्हणून कुत्र्याच्या कानाला तो निरर्थक होतो. शिवाय अंघोळ घालायची असेल, कानात औषध टाकायचे असेल किंवा खेळ थांबवून साखळी लावायची असेल, तेव्हाच आपण ‘ये’ म्हणतो. कुत्री यातून जे शिकते ते बरोबरच असते, आल्यावर चांगली गोष्ट संपते हे तिला कळते. असा खराब झालेला शब्द दुरुस्त करत बसू नये, तो सोडून द्यावा. गावाकडची ‘यू यू’ ही हाक अजून वापरली नसेल तर ती घ्या, नाहीतर शिट्टी घ्या. शिट्टीचा स्वर राग, घाई किंवा भीती यांमुळे बदलत नाही आणि घरातल्या कोणीही वाजवली तरी ती सारखीच ऐकू येते.

पहिले १० दिवस फक्त घरात काम करा. शिट्टी वाजवायची आणि लगेच उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा किंवा पनीरचा चण्याएवढा तुकडा द्यायचा. तिने काहीही करण्याची गरज नाही. इव्हान पावलोव्ह यांनी ज्या प्रकारे आवाज आणि अन्न यांची सांगड घातली, तीच ही सांगड आहे. दिवसाला १५-२० वेळा हे केले की शिट्टी ऐकताच तिची मान आपोआप तुमच्याकडे वळू लागेल. मग दुसऱ्या खोलीतून वाजवा, नंतर जिन्यात आणि त्यानंतर सोसायटीच्या आवारात पहाटे, जेव्हा माणसे कमी असतात.

बाहेरच्या सरावासाठी १० मीटरची दोरी लागते. ती पट्ट्याला कधीही बांधू नका, छातीच्या हार्नेसला पाठीवर अडकवा, कारण ही कुत्री क्षणात वेग घेते आणि दोरी संपल्यावर मानेला बसणारा हिसका भयंकर असतो. दोरी हाताला गुंडाळायची नाही, जमिनीवर सोडायची आणि गरज पडली तर तिच्या टोकावर पाय द्यायचा. दोरीने कुत्रीला ओढून आणायचे नाही. दोरी केवळ तिला पळून जाता येऊ नये म्हणून असते, यायचे की नाही हे तिने ठरवले पाहिजे. ती आली की खाऊ द्यायचा, पट्ट्याला क्षणभर हात लावायचा आणि ‘जा’ म्हणून पुन्हा मोकळे सोडायचे. ही शेवटची पायरी लोक विसरतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दहा वेळा बोलावले तर नऊ वेळा परत सोडले पाहिजे.

अंतर, वेळ आणि आजूबाजूचे प्रलोभन या तीन गोष्टी एकाच दिवशी वाढवू नका. कबुतर दिसत असेल तर दोरी दोन मीटरवर आणा. सलग दोनदा ती आली नाही, तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे जा. आणि ती येणार नाही अशी खात्री असताना शिट्टी वाजवूच नका. अशा वेळी सरळ जवळ जाऊन दोरी उचला.

घरातल्या व्यायामासाठी एक उपाय सांगते. दीड मीटरच्या काठीला दोरी बांधा आणि दोरीच्या टोकाला चिंधी. ही चिंधी जमिनीलगत गोल फिरवली की कारवानी कुत्री तिच्यामागे जीव तोडून धावते. गच्चीला उंच कठडा असेल तर तिथे तीन मिनिटे पुरतात, पण फरशी गुळगुळीत नसावी. दर वेळी शेवटी तिला चिंधी पकडू द्या आणि तेव्हाच खाऊच्या बदल्यात ‘सोड’ शिकवा.

कडुनिंब

मी पशुवैद्यक आहे. वरच्या सूचना योग्य आहेत, त्यांत वैद्यकीय बाजूची भर घालतो.

पुण्यात मार्च ते मे या काळात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी अंधार पडल्यावरच धावू द्यावे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापेनेच शरीर थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि ते १०६ च्या वर गेले की जिवाला धोका निर्माण होतो. धाप थांबत नसेल, हिरड्या गडद लाल झाल्या असतील आणि चाल लटपटत असेल, तर अंगावर साधे पाणी ओतावे, पंख्याचा वारा द्यावा आणि तशाच स्थितीत दवाखाना गाठावा. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सहन होत नसेल तर तिच्या तळव्यांनाही होणार नाही.

या जातीची छाती खोल असते. भरल्या पोटी धावू दिल्यास पोट फुगून पीळ बसण्याची भीती असते आणि तो पीळ काही तासांत जीव घेऊ शकतो. जेवण आणि धाव यांत दीड-दोन तासांचे अंतर ठेवावे. चौदाव्या महिन्यात हाडांची वाढ संपत आलेली असली तरी मोठ्या चणीच्या कुत्र्यांत ती अठरा महिन्यांपर्यंत चालू शकते, म्हणून उंच उड्या आणि सायकलबरोबर लांब पळणे काही महिने टाळावे.

एक गोष्ट मालकांच्या लक्षात येत नाही. शिकलेली कुत्री अचानक ऐकेनाशी झाली, मलूल दिसू लागली, तर तिला हट्टी ठरवण्याआधी रक्त तपासून घ्यावे. गोचीड तापाची सुरुवात पुष्कळदा अशीच असते. गवतात फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या आत आणि काखेत हात फिरवून गोचीड शोधावेत. शस्त्रक्रियेची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना कुत्री कारवानी आहे हे आवर्जून सांगावे, कारण नजरेवर शिकार करणाऱ्या जातींच्या अंगात चरबी फार कमी असते आणि भुलीची काही औषधे त्यांच्या शरीरातून सावकाश उतरतात.

उत्तरवारा

मी जर्मनीत हॅनोव्हरजवळ राहतो. वाकडीवाट यांच्या मुद्द्यावरून आठवले म्हणून लिहितो, २०२२ च्या जानेवारीपासून इथे प्रशिक्षणात काटेरी पट्टे वापरायला बंदी आहे आणि वेल्समध्ये विजेचा धक्का देणारे पट्टे २०१० पासूनच बंद आहेत.

माझा खरा मुद्दा मात्र निराळा आहे. आमच्या लोअर सॅक्सनी राज्यात १ एप्रिल ते १५ जुलै या काळात मोकळ्या रानात कुत्र्याला पट्ट्यावरच ठेवावे लागते, कारण तो पक्ष्यांचा अंडी घालण्याचा आणि सशा-हरणांच्या विणीचा काळ असतो. माझे बालपण बारामतीत गेले. सुट्टीत घरी आलो की सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या परिसरात आणि इंदापूरकडच्या गवताळ माळांवर मोकळी धावणारी कुत्री दिसतात, तेव्हा मन अस्वस्थ होते. तिथे चिंकारा आहेत, ससे आणि खोकड आहेत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. ओसाड वाटणारा माळ ओसाड नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सशाची शिकार हा गुन्हा आहे आणि कुत्र्याने पाठलाग केला म्हणून आपली जबाबदारी टळत नाही. शिवाय डिस्टेंपरसारखे रोग कुत्र्यांकडून खोकडांपर्यंत पोहोचतात. तेव्हा धावण्यासाठी कुंपण असलेलीच जागा शोधा, ही कळकळीची विनंती.

माळरान

उत्तरवारा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. आमच्या वडीलधाऱ्यांना हे ऐकायला जड जाते, पण आता काळवीट आणि ससे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. कारवानी जपायचा असेल तर त्याची धाव जपावी, शिकार नव्हे.

वाकडीवाट

शिट्टी यांनी सविस्तर उत्तर दिले, आभारी आहे. डेव्हिड मीच यांनी स्वतःचेच मत बदलले हे मला माहीत नव्हते. वडिलांचे कुत्रे त्यांच्याजवळ कधी आपणहून जात नसे, बोलावल्यावरच जात असे, हे आज लिहिताना प्रथमच जाणवले.

पाऊलखूण

दहा आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे मनापासून आभार.

पट्टा दुसऱ्याच दिवशी बदलला. शिट्टी ताई, हाकेच्या शब्दाबाबत तुमचा अंदाज अचूक निघाला, आम्ही ‘ये’ हा शब्द अंघोळीच्या आणि औषधाच्या वेळीच वापरत होतो. घरातल्या सरावात चौथ्या दिवसापासूनच तिची मान वळू लागली. आवारात मात्र तीन आठवडे लागले आणि मध्ये मी दोनदा घाई करून मागे आले. एकदा रस्त्यावरची कुत्री भुंकत असताना मी शिट्टी वाजवली, ती आली नाही, आणि त्यानंतर दोन दिवस तिचा प्रतिसाद स्पष्टपणे मंदावला होता. तेव्हापासून आधी परिस्थिती पाहते आणि मगच शिट्टी ओठांना लावते.

सासवडच्या अलीकडे एका परिचितांची पेरूची बाग आहे, तिला सहा फुटांची जाळी आहे. रविवारी आणि बुधवारी पहाटे आम्ही तिथे जातो. आधी जाळीच्या कडेने एक फेरी मारून खालून कुठे फट पडली नाही ना ते पाहतो आणि मग तिला सोडतो. पहिल्या दिवशी तिने सात फेऱ्या मारल्या. तिला पूर्ण वेगात धावताना मी त्याआधी कधी पाहिलेच नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. बुधवारी आता तेच तिला घेऊन जातात. इतर दिवशी सकाळची फेरी ४५ मिनिटांची केली आहे आणि त्यातला अर्धा वेळ ती जिथे थांबेल तिथे मीही थांबते. संध्याकाळी सातचे धावणे जवळजवळ बंद झाले आहे आणि नवी गादी अजून शाबूत आहे.

गेल्या रविवारी जाळीच्या पलीकडून ससा उठला. चांदणी जाळीपर्यंत धावली आणि थरथरत उभी राहिली. मी शिट्टी वाजवली. ती हलली नाही, पण तिचा एक कान मागे वळला. मी दहा-बारा पावले उलट दिशेने चालत गेले, खाली बसले आणि पुन्हा वाजवली, तेव्हा ती वळली आणि धावत येऊन माझ्या मांडीवर आदळली. खिशातले सगळे काळीज मी तिला तिथेच देऊन टाकले. तरीही जाळीबाहेर तिला दोरीशिवाय सोडायचे नाही, असे आम्ही घरात ठरवले आहे.

आता एक शंका आहे. पाऊस सुरू झाल्यापासून सुती दोरी भिजून जड होते आणि चिखलाने माखते. त्याला काही पर्याय आहे का?

शिट्टी

ससा समोर असताना कान वळणे ही फार मोठी गोष्ट आहे, अभिनंदन. शिट्टी दोनदा वाजवावी लागली याची खंत करू नका, मात्र तिसऱ्यांदा कधी वाजवू नका.

पावसासाठी पॉलिप्रॉपिलीनची आठ मिलिमीटर जाडीची दोरी घ्या. ती पाणी शोषत नाही आणि नुसती झटकली तरी चिखल निघतो. हाताला मात्र ती सुती दोरीपेक्षा जास्त कापते, म्हणून हातमोजे घाला, आणि दोरीला मध्ये कुठेही गाठ ठेवू नका, कारण ती पेरूच्या बुंध्याला अडकते.